भेंडी बाजारातल्या जुन्या कुतुबखान्यात, म्हणजे पुस्तकांच्या दुकानात, पुस्तक घ्यायला जाताय? कोल्हापुरातनं निघण्यापासून पुस्तक कपाटात ठेवेपर्यंत सगळं

कोल्हापुरातनं मुंबईच्या मोहम्मद अली रोडला पुस्तकं आणायला गेलेली बरीच मंडळी एकतर मोकळ्या हातानं परत येतात नाहीतर तीन जिल्दांच्या, म्हणजे खंडांच्या, सेटातली नुसती दुसरी जिल्द घेऊन येतात, आणि मग विचारत बसतात की भावा पहिली कुठं मिळंल. जाणारे साधारण तीन प्रकारचे असतात. घरासाठी कुराण किंवा पोरांना मदरशाची पुस्तकं हवी असणारे, मोडी-फारसी कागदांवर काम करणारे, आणि जुन्या पुस्तकांचा नाद असणारे. चूक मात्र तिघांची एकच, क्रम उलटा. दुकानात शिरायचं, दिसेल त्या कपाटात हात घालायचा, किंमत विचारायची आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते सगळ्यात शेवटी आठवायचं. तिथं चालतो तो क्रम असा: आधी नाव, मग तपासणी, मग किंमत. खालचे टप्पे त्याच क्रमानं लिहिलेत, मधला एखादा गाळून पुढं जाऊ नका.

टप्पा १: निघायच्या आधी चिठ्ठी तयार करा

निम्मं काम इथंच होतं. जुनं दुकान म्हणजे मॉल नव्हे, अर्धा माल समोर दिसतच नाही, माळ्यावर, मागच्या खोलीत, कधी दुसऱ्या गल्लीतल्या गोदामात असतो. दुकानदाराला नाव कळलं तरच तो माणूस वर चढवतो. "इस्लामवरचं काहीतरी जुनं दाखवा" म्हटलं की तो काउंटरवरचंच दाखवणार, त्यात त्याची काय चूक?

चिठ्ठीत हे पाहिजे:

- पुस्तकाचं नाव उर्दू लिपीत लिहून घ्या. आपल्याला येत नसेल तर गल्लीतल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा उर्दू शाळेतल्या बाईंना विनंती करा, दोन मिनिटांचं काम आहे. देवनागरीत लिहिलेलं नाव वाचून दाखवताना उच्चार बदलतो आणि भलतंच पुस्तक निघतं.
- लेखकाचं नाव. एकाच नावाची तीन-तीन पुस्तकं असतात.
- भाषा. अरबी मूळ, की उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, की दोन्ही समोरासमोर.
- किती जिल्दा आहेत आणि आपल्याकडं कुठल्या आहेत.
- नवी छपाई चालेल का जुनीच पाहिजे.

कुराण घ्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ह्यात लोक सर्रास फसतात. पोरगं हिफ्ज करत असेल, म्हणजे पाठ करत असेल, तर त्याच्या उस्तादांना विचारून घ्या की किती ओळींचं कुराण पाहिजे. १३ ओळींचं, १५ ओळींचं, १६ ओळींचं अशा वेगवेगळ्या छपाया मिळतात आणि पाठ करणाऱ्याच्या डोक्यात पानावरची जागा बसलेली असते, त्यामुळं छपाई बदलली की पोरगं गडबडतं. शिवाय आपल्याकडच्या छपाईचं वळण वेगळं आणि अरबस्तानातल्या छपाईचं वेगळं, आजीला वर्षानुवर्षं एका वळणाची सवय असेल तर दुसरं देऊन उपयोग नाही. सोपा उपाय म्हणजे घरातल्या जुन्या कुराणातल्या एका पानाचा फोटो काढून न्यायचा. तर्जुमा हवा असेल तर तो कुणाचा, हेही घरात विचारून ठेवा, कारण मसलकाप्रमाणं, म्हणजे पंथ-विचाराप्रमाणं, तर्जुमे बदलतात आणि चुकीचा आणला तर घरातले मोठे उघडूनसुद्धा बघणार नाहीत.

मोडी-फारसीवाल्यांसाठी: आधी गावातलं बघून घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, पुराभिलेखागार आहे. फारसी शब्दांसाठी तर मुंबईला जायचीच गरज नाही, माधव त्रिंबक पटवर्धनांचा, म्हणजे आपल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव ज्युलियनांचा, १९२५ चा फार्सी-मराठी कोश पुष्कळदा पुरतो. आणि उर्दू पुस्तक असेल तर रेख्ताच्या वेबसाइटवर एकदा शोधाच, तिथं जुनी पुस्तकं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलेली आहेत.

तपासा: चिठ्ठी कागदावर आहे का? मोबाईल पुढं केला की दुकानातले चाचा चष्मा शोधतात, मग मोबाईल लॉक होतो, मग पुन्हा तुम्ही उघडता, मागं चार गिऱ्हाइकं उभी असतात. कागद बरा.

टप्पा २: दिवस निवडा

शुक्रवार नको. जुम्म्याच्या नमाजाच्या आसपास दुकानं बंद असतात, काही तर दिवसभर उघडत नाहीत. रमजानात दिवसा जाता येतं पण संध्याकाळनंतर मिनारा मशिदीच्या बाजूला खाण्याच्या स्टॉलची इतकी गर्दी की पुस्तकाची पिशवी घेऊन चालता येत नाही. मोहर्रमचे पहिले दहा दिवस आणि ईद-ए-मिलादचा दिवस टाळा, मिरवणुका असतात, रस्ते वळवलेले असतात. हिजरी वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण ११ दिवसांनी छोटं, म्हणून हे सगळे दिवस दरवर्षी अलीकडं सरकतात. मागच्या वर्षीच्या आठवणीवर तिकीट काढू नका, कालनिर्णय बघा.

जुलै-ऑगस्टही शक्यतो नको. मुंबईच्या पावसात जुना कागद बाहेर काढणं दुकानदाराच्या जिवावर येतं, आणि बरोबरच आहे.

टप्पा ३: पोचायचं कसं

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथनं क्रॉफर्ड मार्केटपर्यंत सरळ चालत या आणि तसंच पुढं उत्तरेला निघालं की मोहम्मद अली रोड, त्याच्या पुढं भेंडी बाजार. लोकलनं यायचं तर मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशन.

सावध: टॅक्सी केली तर ड्रायव्हरला बसतानाच सांगा "पुलाके नीचेसे". नुसतं "जेजे की तरफ" म्हटलं की तो जेजे उड्डाणपुलावर चढवतो आणि तुम्हाला जायचंय ती सगळी दुकानं पुलाखालीच राहतात, तुम्ही थेट पलीकडं जेजे हॉस्पिटलजवळ उतरता.

गाडी सकाळी लवकर पोचते, दुकानं काय अकराच्या आत नीट उघडत नाहीत. मधला वेळ आवरण्यात, नाश्त्यात घालवा. पण मोठं खाणं-बिणं सगळं काम झाल्यावर. निहारीचे हात नुसत्या टिश्यूला पुसून शंभर वर्षांचं पान उलटणारे महाभाग असतात, साबणानं हात धुऊन मगच दुकानात जा.

आणि जुना पत्ता घेऊन जाताय तर तो चालेलच असं नाही. भेंडी बाजाराचा मोठा पुनर्विकास चाललाय, जवळपास १६.५ एकर आणि अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचा मामला आहे, कितीतरी दुकानं हललीत. एखाद्या जुन्या पुस्तकावर छापलेला दुकानाचा पत्ता बघून गल्लीत फिरत बसू नका, नाव सांगून शेजारच्या अत्तरवाल्याला किंवा टोपीवाल्याला विचारा, कुठं गेलं ते त्याला माहीत असतं.

टप्पा ४: दुकानात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

सलाम करा किंवा नमस्कार करा, दोन्ही चालतं. आपण मुसलमान नाही म्हणून आत जायला बिचकायचं काही कारण नाही, तिथं अभ्यासाला येणारे सगळ्या प्रकारचे लोक बघायची त्यांना सवय आहे. चपला दाराबाहेर दिसल्या तर आपलीही काढा. वयस्कर असतील तर चाचा, बरोबरीचे असतील तर भाई. मग चिठ्ठी द्या आणि गप्प बसा. खरंच गप्प बसा, कारण ते आठवत असतात कुठल्या गठ्ठ्यात काय आहे.

ह्या वेळात कपाटांना हात लावू नका. सगळ्यात वरच्या फळीवर कुराण असतं, त्याच्यावर दुसरं काही ठेवत नाहीत, ते खाली जमिनीवर ठेवत नाहीत, आणि बरेच लोक वुजू, म्हणजे नमाजाआधीसारखं हातपाय-तोंड धुणं, केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. बघायचं असेल तर "देख सकता हूँ क्या" विचारा, ते स्वतः काढून देतील. बोटाला थुंकी लावून पान उलटायची आपल्याकडं तलाठ्यापासून सगळ्यांना सवय, ती इथं अजिबात नको, कुठल्याच पुस्तकाला नको.

मसलकावरून वाद घालायचा नाही. एका दुकानात एका विचाराची पुस्तकं जास्त असतील, दुसरीकडं दुसऱ्या. "हे तुमच्याकडं नाही का" इतकंच विचारा, "हे तुम्ही का ठेवत नाही" असं नको. बऱ्याचदा तेच सांगतात की पलीकडच्या दुकानात मिळेल.

कामाला येणारे शब्द: कलमी म्हणजे हातानं लिहिलेलं, मतबूआ म्हणजे छापलेलं, मुकम्मल म्हणजे पूर्ण, नाकिस म्हणजे अपुरं, जिल्द म्हणजे खंडही आणि बांधणीही. "जिल्द खराब है" म्हणाले तर पुठ्ठा गेलाय असं समजा, खंड नाही.

सावध: अरबी अक्षरं दिसली म्हणजे भाषा अरबी किंवा उर्दूच असेल असं नाही. भेंडी बाजारात बोहरा समाजाची पुस्तकं भरपूर, आणि त्यांची भाषा गुजरातीच्या अंगाची, लिपी मात्र अरबी. उर्दू वाचणाऱ्यालाही ते धड कळत नाही. घ्यायच्या आधी "किस ज़बान में है" हा प्रश्न विचाराच.

टप्पा ५: पुस्तक तपासा, लिपी येत नसली तरी

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, म्हणून सावकाश वाचा.

पुस्तक हातात आलं की टेबलावर ठेवा आणि उजवीकडनं उघडा. आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं ते पुढचं. हे माहीत असून लोक गडबडतात आणि शेवटचं पान बघून म्हणतात की सुरुवात फाटलीय.

आता पानं पूर्ण आहेत का बघायचं. पान क्रमांक असतील तर ठीक, पण जुन्या पुस्तकात ते कापले गेलेले किंवा पुसट असतात. अशा वेळी एक अफलातून सोय आहे. उघडलेल्या पुस्तकात उजव्या हाताच्या पानाचा तळ बघा, तिथं मजकुराच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द बहुतेक वेळा तिरका लिहिलेला असतो. तोच शब्द समोरच्या डाव्या पानाच्या पहिल्या ओळीत अगदी सुरुवातीला, म्हणजे उजव्या टोकाला, आला पाहिजे. वाचता यायची गरजच नाही, नुसती दोन चित्रं जुळवायची. टिंबं किती, ती वर की खाली, शेपूट कुठं वळलंय, एवढं बघा. जुळलं तर पुढचं पान, नाही जुळलं तर मधलं पान गेलंय किंवा बांधताना मागंपुढं झालंय. दोनशे पानांच्या पुस्तकाला वेळ लागतो पण लागू दे, चाचांना आधीच सांगा "पन्ने मिला रहा हूँ", त्यांना लगेच कळतं की गिऱ्हाईक जाणकार आहे आणि बोलण्याचा सूरही बदलतो.

समास बघा. जुन्या पुस्तकात मधल्या मजकुराभोवती आडव्या-तिडव्या ओळींत टीका लिहिलेली असते, तिला हाशिया म्हणतात. नव्यानं बांधताना बाइंडरनं कडा जास्त कापल्या असतील तर हाशियातली अक्षरं अर्धी उडालेली असतात. अभ्यासासाठी घेताय तर असं पुस्तक बिनकामाचं.

मग कीड. कसर लागलेली भोकं जुनी असतील तर कोरडी, स्वच्छ असतात. पुस्तक पांढऱ्या कागदावर धरून हलकेच टिचकी मारा, भुसा पडला तर कीड अजून जिवंत असू शकते. पान वाकवून मजबुती बघायची नाही, मोडतं. कोपरा नुसता बोटानं किंचित उचला, ताठ राहून तडकेल असं वाटलं तर सोडून द्या.

आता सगळ्यात महागडी चूक. शिळाछाप पुस्तक हस्तलिखित समजून घेणं. एकोणिसाव्या शतकात मुंबई, लखनौ, कानपूरला भरपूर पुस्तकं शिळाछापाची निघाली, त्यात कातिब, म्हणजे लेखनिक, हातानं लिहायचा आणि तेच दगडावरनं छापायचे, म्हणून अक्षर हाताचंच दिसतं. फरक ओळखायला हे बघा: छापलेल्यात शाई सगळीकडं एकसारखी काळी असते, हातानं लिहिलेल्यात बोरू शाईत बुडवला की अक्षर गडद आणि पुढं फिकं होत जातं. हस्तलिखितात ओळी सरळ याव्यात म्हणून दोऱ्याच्या पाटीनं उमटवलेले बारीक उठाव कागद उजेडात तिरका धरला की दिसतात. आणि पहिल्या किंवा शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असेल, मतबा अमुक-तमुक असं, तर विषयच संपला, ते छापलेलं आहे.

छापखाना नामांकित निघाला तरी उड्या मारू नका. लखनौचा मुन्शी नवलकिशोरांचा छापखाना १८५८ चा, पण तिथनं एकेका पुस्तकाच्या पुढं कितीतरी आवृत्त्या निघाल्या, त्यामुळं नाव दिसलं म्हणजे पहिली आवृत्ती असं होत नाही. साल बघा.

टप्पा ६: साल वाचा

आकडे उर्दूतही डावीकडनं उजवीकडंच वाचायचे, आपल्यासारखे. शून्य म्हणजे नुसता टिंब, एक म्हणजे उभी रेघ, पाच पत्त्यातल्या उलट्या बदामासारखा, सात इंग्रजी व्ही सारखा आणि आठ उलटा व्ही. एवढ्यावर निम्मं काम भागतं, बाकीचे दुकानदाराला विचारा.

साल बहुतेक हिजरी असतं. हिशेब असा: हिजरी सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १३१० हिजरी असेल तर १२७०.७ अधिक ६२२, म्हणजे १८९२-९३.

मोडीवाल्यांनो, इथं तुमची हमखास चूक होते. आपल्या दफ्तरातल्या कागदांवर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतला जुना अरबी सन, असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९० किंवा ५९१. हात त्याच हिशेबाला बसलेला असतो आणि पुस्तकावरच्या १३१० मध्ये ६०० मिळवून लोक १९१० लिहून मोकळे होतात. सतरा-अठरा वर्षांचा घोळ, तोही छापून आल्यावर कळतो.

टप्पा ७: खरंच हस्तलिखित निघालं तर थांबा

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलेचं मोल असलेलं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू धरलं जातं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून दुबईच्या मेव्हण्याला भेट द्यायचं वगैरे डोक्यातनं काढा. परवाना नाही, बिल नाही, कुठनं आलं ते सांगत नाहीत, तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

पुढं चोर बाजारात सुटी पानं मिळतात, मधोमध हत्ती-घोड्यांचं रंगीत चित्र, भोवती फारसी ओळी. कागद जुना असतो, चित्र कालपरवाचं. चित्राखालनं अक्षरं जाताना दिसली की समजा कुणीतरी जुनं पुस्तक फाडून त्याच्यावर रंग मारलाय. भिंतीला लावायला घ्यायचं तर ज्याची त्याची मर्जी, मला विचाराल तर त्या धंद्याला आपला एक रुपयाही नको.

टप्पा ८: किंमत आणि बिल

नव्या छपाईच्या पुस्तकांवर छापील किमतीत डिस्काउंट मिळतो, मागायला लाजू नका. जुन्या पुस्तकाची किंमत दुकानदार सांगेल ती, त्यात थोडंफार होतं, पण लक्ष्मीपुरीत कांद्या-बटाट्याचा भाव करतो तसा निम्म्यावरनं सुरू करू नका, पुस्तक परत माळ्यावर जातं. कुराणाची किंमत म्हणत नाहीत, "हदिया कितना" असं विचारा, आणि त्यात घासाघीस करत नाहीत.

बिलावर नाव, जिल्द नंबर आणि साल लिहून घ्या. नुसतं "किताब १ नग" असलं बिल पुढं कशालाच उपयोगी नाही. रोख जवळ ठेवा, नेट गेलं की स्कॅनर नुसता भिंतीला शोभेचा.

सेट अपुरा असेल तर हव्या असलेल्या जिल्दांचे नंबर आणि आपला मोबाईल नंबर एका कागदावर लिहून दुकानात देऊन या. आली तर फोन करतात, फक्त मग "पुढच्या महिन्यात बघू" असं करू नका, एकदा केलंत की पुन्हा फोन येत नाही.

टप्पा ९: आणायचं आणि ठेवायचं

जुनं पुस्तक सुती कपड्यात गुंडाळा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वरनं सुतळी, पण पुठ्ठ्याच्या कडेवर गाठ नको, तिथं कागद दबतो. बॅगेत आडवं ठेवा. रेल्वेत बर्थखाली ढकलू नका, कुणाची तरी पाण्याची बाटली सांडतेच.

घरी आल्यावर लगेच बाकीच्या पुस्तकांत घालू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोक्यात पांढऱ्या कागदावर ठेवा, मधनंमधनं भुसा पडतोय का बघा. मऊ ब्रशनं धूळ काढा, मधनं बाहेरच्या दिशेनं. उन्हात वाळत घालणं, सेलोटेप लावणं, ओल्या फडक्यानं पुसणं, ह्या तिन्ही गोष्टी घरातलं कुणीतरी प्रेमानं करतं, आधीच सांगून ठेवा. डांबरगोळ्या कागदाला चिकटवून ठेवू नका.

आपल्याकडचा पाऊस धरून कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. शुक्रवार पेठ, शाहूपुरी, नदीच्या अंगाला राहणाऱ्यांनी तळमजल्यावर खालच्या फळीत काहीच ठेवू नये, २०१९ आणि २०२१ चं पाणी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गठ्ठ्यातनं कुराणाची सुटी, फाटकी पानं निघाली तर रद्दीत टाकायची नाहीत. जवळच्या मशिदीत नेऊन द्या, ती दफन करायची त्यांची पद्धत आहे, तुम्हाला काही करावं लागत नाही.